अक्षरी रुपये

चेक लिहिण्याचे काम आमच्या घरात माझ्याकडे आले ते माझ्या अक्षरामुळे. साल १९७७. मी नववीत होते आणि बेळगावच्या मार्केट यार्डात अप्पांचे बटाटे, कांदे आणि रताळ्यांचे अडत दुकान होते. अप्पांचे अक्षर असे होते की त्यांनी केलेली पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाची चिठ्ठी, पुष्कळदा दुसऱ्या दिवशी त्यांनाच वाचता येत नसे. एका शनिवारी बँकेने त्यांचा चेक रक्कम वाचता येत नाही म्हणून परत पाठवला, तेव्हा संध्याकाळी घरी येऊन त्यांनी चेकबुक माझ्या पुढ्यात ठेवले. “तू लिव्ह. मी सांगतो, तू लिव्ह. सही तेवढी माझी.”

सांगण्याची एक शिस्त होती. आधी तारीख, मग नाव, मग चौकटीतला आकडा. आकडा झाला की ते थांबत, चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, “आता अक्षरी.” हा शब्द उच्चारताना त्यांचा आवाज थोडा उतरत असे, देवघराजवळ बोलताना उतरतो तसा. अक्षरी रक्कम ओळीच्या अगदी काठापासून सुरू करायची, दोन शब्दांमध्ये मुंगी शिरेल एवढीही फट ठेवायची नाही, शेवटी ‘फक्त’ लिहायचे आणि उरलेल्या जागेवर आडवी रेघ ओढून ती बंद करायची. नुसते ‘हजार’ लिहायचे नाही, ‘एक हजार’ लिहायचे, कारण मोकळ्या हजाराच्या मागे कोणीही साठ आणून बसवू शकतो. यार्डातला सगळा व्यवहार सव्वा, दीड, पावणेदोन आणि अडीच यांवर चालत असला, तरी चेकवर मात्र ‘अडीच हजार’ चालत नसे. तोंडात अडीच आणि कागदावर ‘दोन हजार पाचशे फक्त’, हा फरक मला त्या वयात शाळेतल्या व्याकरणापेक्षा महत्त्वाचा वाटत असे. (यार्डात कोणीही ‘धनादेश’ म्हणत नव्हते. तो शब्द वर्तमानपत्रात राहत होता.)

हा धाक अप्पांनी त्यांच्या वडिलांकडून घेतला होता. आजोबांच्या काळी गुळाच्या व्यापारात हुंडी, म्हणजे अमक्याला इतके पैसे द्यावेत अशी लेखी चिठ्ठी, चाले आणि हुंडीत रक्कम एकदा लिहून कोणाचे समाधान होत नसे. पाचशे रुपयांची हुंडी असेल, तर आधी पाचशे लिहायचे, मग त्याचे निमे अडीचशे लिहायचे आणि त्याची दुप्पट द्यावी असे पुन्हा सांगायचे. आकड्यावर एक शून्य चढवणे सोपे असते, पण पाचशेचे पाच हजार करणाऱ्याला त्याच कागदावर निम्मेही बदलावे लागेल, हा त्यामागचा हिशोब होता. आजोबांची सही मोडीत होती आणि ती खोटी करण्याची कोणाची छाती नव्हती, कारण ती खरीही कोणाला वाचता येत नसे.

पुढे शाळेत शिकवायला लागल्यावर, एका वकील पालकांशी बोलताना मला कळले की अप्पांच्या उतरलेल्या आवाजाला कायद्याचाही आधार होता. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचे अठरावे कलम असे सांगते की आकड्यांत एक रक्कम आणि अक्षरांत दुसरी रक्कम लिहिलेली असेल, तर अक्षरांतली रक्कम धरावी. प्रत्यक्षात बँका अशा वेळी पैसे देण्याऐवजी ‘अक्षर व अंकांत तफावत’ असा शेरा मारून चेक परत करतात, आणि त्यांचेही चूक नाही. पण कायद्याचा कौल शब्दाच्या बाजूने आहे. आयुष्यभर मराठी शिकवलेल्या बाईला हे कलम कळल्यावर किती आनंद झाला असेल, याची कल्पना वाचकांनी करावी. गणिताच्या सरांना मी ते त्याच दिवशी मधल्या सुट्टीत सांगितले.

बेळगावात प्रश्न पुढे असा येई की अक्षरी म्हणजे कोणत्या अक्षरांत?

शहरातल्या मराठी मंडळींनी उभारलेल्या सहकारी बँकांमध्ये हा प्रश्न नव्हता. तिथे खिडकीच्या दोन्ही बाजूंना मराठीच बोलली जाई. पण बाहेरच्या व्यापाऱ्यांशी व्यवहार करण्यासाठी अप्पांनी एका मोठ्या बँकेतही खाते ठेवले होते आणि तिथले बहुतेक अधिकारी दक्षिण कन्नड जिल्ह्यातून बदलून आलेले असत. रिझर्व्ह बँकेचे ग्राहकसेवेबाबतचे निर्देश असे आहेत की चेकचे फॉर्म हिंदी आणि इंग्रजीत छापावेत आणि ग्राहकाने ते हिंदी, इंग्रजी किंवा त्या त्या प्रदेशाच्या भाषेत भरावेत. आता बेळगाव या प्रदेशाची भाषा कोणती, हा प्रश्न १९५६ पासून लोंबकळत आहे, १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालानंतरही मिटलेला नाही आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो रोखपालाच्या खिडकीवर सोडवणे कोणाच्याही पगारात बसत नव्हते. म्हणून आमचे मराठी चेक हिंदी समजून चालवून घेतले जात. लिपी एकच असल्याने ते खपूनही जात. घराचा उतारा कन्नडमध्ये, विजेचे बिल कन्नडमध्ये, अशा गावात सहीशिक्क्याच्या कागदावर मराठीला मिळालेली ती एक ओळ होती, आणि तीही हिंदीच्या नावावर. मला कन्नड वाचता येते, माझा तिच्याशी काही दावा नाही. पण ती ओळ लिहिताना मी अक्षर थोडे जास्तच घोटून काढत असे, हे कबूल केले पाहिजे.

हिंदी म्हणून खपण्याला एकच अडचण होती, ती म्हणजे मराठी संख्यानामे. अठरापर्यंत ठीक चाले, पुढे वाटा फुटत. हिंदीत उनसठ, मराठीत एकोणसाठ. मंगळूरकडचे एक रोखपाल, शाळेत हिंदी शिकलेले सरळ गृहस्थ, एकदा चेक हातात धरून बराच वेळ बघत बसले. मी अप्पांबरोबर खिडकीशी उभी होते. “एकोन साठ,” ते म्हणाले, “एक और साठ, इकसठ. लेकिन फिगर में तो फिफ्टी नाइन है.” अप्पांनी हात जोडले. “एक और नहीं साहेब, एक ऊन. साठ में एक कम.” साहेबांनी पैसे दिले, पण त्यांचे समाधान झाले नव्हते. पुढच्या खेपेस बघितले, तर त्यांच्या टेबलाच्या काचेखाली स्वतःच्या हाताने केलेली यादी होती. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत सगळे एकोण ओळीने उतरवलेले आणि समोर इंग्रजी आकडे. त्यांनी मला विचारले की नंतरचा एकोणशंभर का नाही. मी म्हटले, तो नव्याण्णव आहे. का, याचे उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हते. मराठी शिकवून निवृत्त झाले, तरी वर्गात सांगावे असे उत्तर मला सापडलेले नाही.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘तेवीस’ऐवजी ‘वीस तीन’ असे शिकवायला सुरुवात झाली, तेव्हा महाराष्ट्रात मोठा गदारोळ उठला होता. आमच्या शाळा कर्नाटकच्या पाठ्यपुस्तकांवर चालतात, त्यामुळे आम्ही तो वाद कुंपणावरून बघितला. मला त्या वेळी ते रोखपाल आठवले. ‘पन्नास नऊ’ लिहिले असते, तर त्यांना यादी करावी लागली नसती. पण काचेखाली मराठीही आली नसती.

शब्दाची गरज आणखी एका कारणाने होती आणि ते कारण पुढे आम्हाला महागात पडले. मराठी एक आणि इंग्रजी नऊ जवळजवळ सारखेच दिसतात. घाईत लिहिलेला आपला सातही इंग्रजी सहाच्या वळणावर जातो. अप्पा आकडे मराठीत लिहायला लावत आणि बँकेत ते निम्म्या वेळा इंग्रजी समजून वाचले जात. एकशे दहाचे नऊशे नव्वद व्हायला एका नजरेचा अवकाश. शेजारी ‘एकशे दहा फक्त’ लिहिलेले असे, म्हणून सगळे निभावले.

चेकची दुसरी बाजू सांगितली नाही, तर हे लिहिणे लबाडीचे होईल. अप्पांच्या पेढीवर येणारी रताळी बेळगाव आणि खानापूरच्या पश्चिम भागातली असत, तशीच सीमेपलीकडच्या चंदगड तालुक्यातलीही. नवरात्र आणि महाशिवरात्रीच्या आधी यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागत. पलीकडून येणारा शेतकरी माल उतरवून, हमाली-तोलाई कापून केलेली पट्टी घेऊन उभा राही आणि पहिल्यांदा म्हणे, “चेक नको हं, अप्पा.” सीमेपलीकडची शिनोळी तर बेळगावहून सायकलने गाठावी एवढी जवळ, पण बँकेच्या लेखी बेळगावचा चेक तिकडच्या शाखेत परगावचा होता. तो वसुलीसाठी टपालाने उलटा बेळगावला यायचा, इथे पटायचा, पैसे परत जायचे. त्यात दहापंधरा दिवस सहज जात आणि वर वसुलीचे शुल्क. माणूस सकाळी येऊन दुपारी परत जात होता आणि त्याच रस्त्याने त्याचा चेक पंधरवडा प्रवास करत होता.

चेकच्या चित्रावरून वटणावळ करण्याची पद्धत, जिला बँकवाले सीटीएस म्हणतात, तिची चाचणी दिल्लीत २००८ साली झाली, ती २०११ साली चेन्नईत आणि २०१३ साली मुंबईत सुरू झाली. या तीन शहरांचे तीन विभाग केले गेले आणि त्यात कर्नाटक चेन्नईकडे गेले, तर महाराष्ट्र मुंबईकडे. बातमी वाचून मी भावाला म्हटले, आता आपल्या रताळ्यांचे पैसे एक मद्रासला बघणार, एक मुंबईला बघणार. कागद शाखेतच थांबू लागला आणि त्याचे चित्र पुढे जाऊ लागले. वेळ वाचला हे खरे. त्याबरोबर खाडाखोड करून शेजारी सही करण्याची जुनी मुभाही गेली. नावात किंवा रकमेत एक अक्षर चुकले की नवा चेक. १ एप्रिल २०१२ पासून चेकचे आयुष्य सहा महिन्यांवरून तीन महिन्यांवर आले. मग १ जानेवारी २०२१ पासून पन्नास हजार आणि त्यावरच्या चेकची तारीख, नाव आणि रक्कम बँकेला आधीच इलेक्ट्रॉनिक मार्गाने कळवण्याची सोय आली. म्हणजे अक्षरी रकमेच्या खरेपणाची साक्ष आता मोबाइल देणार होता. अप्पा असते, तर त्यांनी विचारले असते की मोबाइलवरून सांगायचेच आहे, तर चेक कशाला?

भावाच्या मुलाने नेमके तेच विचारले. तो दुकानात बसू लागला तसे चेकबुक गल्ल्याच्या खालच्या खणात गेले. २०१९ मधली गोष्ट. चंदगड भागातल्या एका शेतकऱ्याने पट्टीच्या पाठीमागे आपला खाते क्रमांक मराठी आकड्यांत लिहून दिला. भाचा इंग्रजी माध्यमात शिकलेला. त्याने क्रमांक टाकला, अठरा हजार चारशे रुपये एनईएफटीने पाठवले, यशस्वी झाल्याचा संदेश आला. चार दिवसांनी शेतकऱ्याचा फोन आला, पैसे आले नाहीत. पट्टी काढून बघितली, तर शेवटचा आकडा एक होता आणि भाच्याने नऊ टाकला होता.

“पण आत्ती, नाव बरोबर टाकलंय की मी!” तो म्हणत होता आणि त्याने नाव खरेच बरोबर टाकले होते. बँकेत गेल्यावर आम्हाला समजावून सांगण्यात आले की अशा व्यवहारात पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळते का हे बघितले जात नाही, आणि क्रमांक नीट टाकण्याची जबाबदारी पाठवणाऱ्याची आहे. अधिकारी सौजन्याने बोलत होते आणि नियम तसाच होता. मी मात्र खुर्चीत बसून त्या अठराव्या कलमाचा विचार करत होते. जिथे आकडा आणि शब्द भांडले तर शब्द जिंकेल असे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते, तिथे आता शब्दाला भांडणात उभेच केले जात नव्हते. नाव टाकायला रकाना होता, पण तो मान द्यायचा नसलेल्या पाहुण्यासाठी मांडलेल्या पाटासारखा होता.

पैसे परत मिळाले, कारण शेवटचाच आकडा चुकला होता. त्याच शाखेत, त्याच सुमारास उघडलेल्या, त्याच गावातल्या दुसऱ्या माणसाच्या खात्यात ते गेले होते. त्याला वाटले उसाचे बिल जमा झाले. आमचा शेतकरी आणि तो भाऊबंद निघाले, आणि भाऊबंद असूनही त्याने पैसे परत केले, हे नोंदवून ठेवते. महिना गेला. तेवढ्या काळात जुना चेक दोनदा जाऊन आला असता.

पुढे १ एप्रिल २०२५ पर्यंत बँकांनी आरटीजीएस आणि एनईएफटीसाठीही खातेदाराचे नाव आधी दाखवण्याची सोय करावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आला. यूपीआयवर नाव पहिल्यापासून दिसते. तेव्हा शब्द अगदीच हद्दपार झाला, असे म्हणता येणार नाही. पण त्याचे काम बदलले. चेकवर नाव आणि रक्कम मी लिहीत होते आणि बँक वाचत होती. आता यंत्र लिहिते आणि मी वाचायचे असते, तेही रोमन लिपीत, बँकेच्या खात्यावर जसे असेल तसे, कधी आडनाव आधी, कधी बापाचे नाव एका अक्षरावर आखडलेले. आमच्या भागातली निम्मी आडनावे गावावरून पडलेली, शेवटी ‘कर’ असलेली. रोमन लिपीत ती सगळी एकमेकांची भावंडे दिसतात.

आणि तरीही २०१६ नंतर, विशेषतः नोटाबंदीचा धक्का जिरल्यावर, यार्डात जे झाले ते माझ्या डोळ्यांदेखत झाले आणि मला त्याबद्दल कुरकुर करता येत नाही. पलीकडून येणारा शेतकरी आता गाडीतून उतरण्याआधी फोन दाखवतो. पट्टी हातात पडेपर्यंत पैसे त्याच्या खात्यात असतात. लाखापर्यंत यूपीआय, वर गेले की एनईएफटी किंवा आरटीजीएस. २०१९ च्या डिसेंबरपासून एनईएफटी चोवीस तास सुरू झाली, त्यामुळे रविवारचा बाजारही अडत नाही. चेकच्या काळात पुढच्या तारखेचे चेक घेऊन “अजून चार दिवस टाकू नका, अप्पा” असे सांगणारे व्यापारी होते, आणि न वटलेल्या चेकपायी कोर्टाच्या पायऱ्या चढून दमलेले अप्पाही होते. १९८९ पासून चेक न वटणे हा गुन्हा ठरला, पण त्याने त्यांची उधारी लवकर वसूल झाल्याचे मला आठवत नाही. सीमेवरच्या माणसासाठी तर हे विशेषच आहे. साठ-सत्तर वर्षांत न सुटलेली रेघ पैशाने पाच सेकंदांत ओलांडली आणि कोणाच्या लक्षातही आले नाही. २०१४ साली आमच्या शहराचे नाव सरकारी कागदावर बदलले, तेव्हा चेकवरच्या शाखेचे नावही यथावकाश बदलले. खालच्या चुंबकीय शाईतल्या क्रमांकातले शहराचे पाचशे नव्वद मात्र तेच राहिले. आकड्यांना अशा भांडणांत रस नसतो आणि त्यामुळेच ते पलीकडे पोचतात, हे मला मान्य आहे.

माझ्याकडे अजून एक चेकबुक आहे. वर्षातून दोनतीन पाने फाडली जातात, वर्गणी किंवा एखादी अनामत. लिहिताना मी अजून काठापासून सुरुवात करते आणि रेघ ओढते. मध्यंतरी शाखेतल्या एका तरुण मुलीने माझा चेक हातात घेऊन, “मॅडम, किती छान अक्षर,” असे म्हटले आणि मग आकड्याकडे बघून रक्कम टाकली.

अक्षरी रक्कम मला पुन्हा भेटली ती अगदी अनपेक्षित ठिकाणी, गणपत गल्लीतल्या भाजीच्या गाडीवर. पैसे जमा झाले की मोठ्याने सांगणारा तो डबा आता बाजारात सगळीकडे आहे आणि त्याची भाषा दुकानदार आपल्या मर्जीने ठेवतो. म्हणून आमच्या बाजारातून चालताना एका हाताला कन्नडमध्ये रक्कम ऐकू येते, पुढे हिंदीत, मग मराठीत, आणि कोणीही कोणाला हे नियमात बसते का असे विचारत नाही. येळ्ळूरकडच्या एका मुलाची गाडी आहे, तिथे मी वांगी आणि कोथिंबीर घेतली आणि कोड स्कॅन करून पैसे पाठवले. क्षणभर थांबून डबा मराठीत म्हणाला, त्रेसष्ट रुपये मिळाले. उच्चार सपाट होता, पण ‘त्रेसष्ट’ अगदी शुद्ध. वर्गात असता, तर मी त्याला पुढे बसवले असते.

मुलगा पिशवीत कोथिंबीर खुपसत होता. तो थांबला.

“काकू, त्रेसष्ट म्हणजे सिक्स्टी थ्री की सिक्स्टी एट ओ?”

मी फोन त्याच्यापुढे धरला आणि आकडा दाखवला.